लहान कुत्र्याचे यकृत आणि घरचे स्वयंपाकघर

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त डिंडोली येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून एका पशुवैद्याने कुत्र्याच्या यकृतावर बोलावे, याचे काही मंडळींना नवल वाटले असेल. परंतु कार्यकर्त्यांनी मला विषय विचारला तेव्हा मी हाच सांगितला, आणि त्याला कारण आहे. खानदेशातून ताप्तीलाइनने आपली माणसे उधना-डिंडोलीकडे आली. पहिली वर्षे खोलीभाडे आणि कारखान्याची पाळी यांतच गेली. आता पुष्कळांची स्वतःची घरे झाली, मुले शिकली, आणि मुलांच्या हट्टाने घरात लहान कुत्रेही आले. कोणाकडे पॉमेरेनियन आहे, कोणाकडे पग, तर कोणाकडे डोळ्यांवर झुलपे आलेला शिह-त्झू. गावाकडे कुत्रा अंगणात राही आणि उरलेल्या भाकरीवर जगे. इथे तो सोफ्यावर बसतो आणि आपल्या ताटातले खातो. म्हणून त्याचे दुखणेही आपल्या स्वयंपाकघराशी बांधले गेले आहे.

असा देखावा पुष्कळ घरांत दिसतो. कुत्रे वर्षाचे झाले तरी अंगाने वाढत नाही. जेवल्यावर तासा-दोन तासांनी सुस्त होते, तोंडातून लाळ गळते, भिंतीला डोके टेकून उभे राहते किंवा एकाच दिशेने गोल गोल फिरते. कधी झटका येतो. पुन्हा काही तासांनी ते जणू काही झालेच नाही असे खेळू लागते. शेजारी म्हणतात, "कुत्रे पिसाळले, बाहेर काढा." मग त्याला दूर नेऊन सोडतात. त्यांतली सगळी कुत्री पिसाळलेली नसतात. काहींचे यकृत दुबळे असते आणि जेवणातून तयार झालेले विष त्यांच्या मेंदूपर्यंत पोचलेले असते. हा भेद न कळल्यामुळे घरचा जीव रस्त्यावर जाऊ नये, एवढ्यासाठी आजचे हे बोलणे आहे.

मात्र एक इशारा येथेच देतो. लाळ गाळणाऱ्या कुत्र्याला पिसाळीची लस टोचलेली नसेल किंवा त्याला बाहेरचे कुत्रे चावलेले असेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नये. त्याला वेगळ्या खोलीत ठेवावे आणि डॉक्टरांना बोलवावे. पिसाळ आहे की यकृताचे दुखणे, हे ठरविण्याचे काम शेजाऱ्यांचे नाही.

यकृत काय करते

यकृत म्हणजे मटणवाला ज्याला कलेजी म्हणतो ते. आतड्यात पचलेले अन्न रक्तात मिसळते आणि ते रक्त एका मोठ्या शिरेने प्रथम यकृताकडे जाते. जकातनाक्यावर माल तपासून मगच तो गावात सोडावा, तसे यकृत त्या रक्तातले चांगले ठेवते आणि घातक ते निकामी करते. प्रथिने पचताना मोठ्या आतड्यातले जंतू अमोनिया तयार करतात. यकृत त्याचा युरिया बनविते आणि तो लघवीवाटे निघून जातो.

काही लहान जातींच्या पिल्लांत जन्मतःच एक आडवाटेची शीर असते. आतड्याकडचे रक्त तिच्यातून यकृताला वळसा घालून थेट अंगात जाते. डॉक्टर याला पोर्टोसिस्टेमिक शंट म्हणतात. यॉर्कशायर टेरिअर, माल्टीज, शिह-त्झू, पग अशा लहान जातींत ही शीर बहुधा यकृताच्या बाहेर असते, तर मोठ्या जातींत बहुधा यकृताच्या आत. नाका चुकविलेला माल गावात शिरतो, तसा अमोनिया मेंदूपर्यंत जातो. वर सांगितलेला देखावा त्यातून घडतो. अशा कुत्र्यांच्या मूत्राशयात खडेही होतात.

परंतु यकृताचे प्रत्येक दुखणे असले नसते. गोचिडांच्या तापात यकृत बिघडते. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्येही बिघडते. सुरत, नवसारी आणि वलसाड या पट्ट्यात हा रोग माणसांनाही होतो, हे आपण दर पावसाळ्यात ऐकतो. काही जातींत यकृतात तांबे साठते. काही वेळा दीर्घकाळची सूज असते, तर काही वेळा पित्ताची वाट बंद झालेली असते. बाहेरून सगळ्यांचे रूप सारखेच: खात नाही, ओकते, सुकत चालले. म्हणून पहिला नियम हा, की रोगाचे नाव कळल्याशिवाय पथ्य सुरू करू नये.

नाव कळते ते तपासणीने. एस.जी.पी.टी. ही रक्ततपासणी आपल्या ओळखीची आहे. परंतु आडवाटेची शीर असलेल्या कुत्र्यात तो आकडा जवळजवळ ठीकही येऊ शकतो. त्यासाठी उपाशीपोटी एकदा आणि जेवणानंतर दोन तासांनी एकदा रक्तातील पित्ताम्ले तपासतात, अमोनिया पाहतात आणि सोनोग्राफी करतात. शेजारी नवसारीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गुंतागुंतीचे दुखणे असल्यास आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तेथे जाता येते.

स्वयंपाकघराने शिकविलेले दोन धडे

यकृत आणि स्वयंपाकघर यांचा संबंध किती जवळचा आहे, हे सांगायला आपल्या भागातली दोन उदाहरणे पुरेत.

१९७४ च्या अखेरीस आपल्याच गुजरातेतील पंचमहाल जिल्ह्यात आणि लगतच्या राजस्थानात बांसवाडा भागात काविळीची साथ उठली. दोनशेहून अधिक गावांत ती पसरली. ताप, ओकारी, मग कावीळ, मग पोटात पाणी. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांना असे आढळले, की दुखणे फक्त मका खाणाऱ्या घरांत होते. अवेळी पावसाने भिजलेल्या मक्यावर बुरशी चढली होती आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष उतरले होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या गावांतील कुत्रीही याच दुखण्याने पडली. ती माणसांच्याच अन्नावर जगत होती.

हे विष नेहमीच्या शिजविण्याने किंवा भाजण्याने नाहीसे होत नाही. मक्याप्रमाणेच ते शेंगदाण्यावरही धरते, आणि आपल्या खानदेशी घरात शेंगदाण्यावाचून पान हलत नाही. सुरतेची हवा दमट. पावसाळ्यात डब्यातला दाणा खवट, काळपट किंवा बुरसट निघाला की घरची बाई तो बाजूला काढते, ते योग्यच. पण "फेकायचे कशाला, कुत्र्याला घाला," असे म्हणून तोच दाणा, तीच बुरसलेली भाकरी कुत्र्यापुढे जाते. माणसाच्या मानाने पाच किलोच्या कुत्र्याला ते विष कितीतरी भारी पडते. जे आपण खाणार नाही ते कुत्र्याला घालू नये. यकृताच्या पथ्याचा आरंभ इथून होतो.

दुसरे उदाहरण पुण्याचे. पूर्वी आपल्याकडे लहान मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार होत असे; वैद्यकात त्याचे नाव इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी त्या मुलांच्या आहाराचा शोध घेतला, आणि १९८३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापविलेले दूध तान्ह्या मुलांना लवकर सुरू केले जाई. त्या दुधात तांबे उतरे आणि कोवळ्या यकृतात साठत जाई. भांडी बदलली, स्टेनलेस स्टील घरोघर आले, आणि तो आजार दुर्मीळ झाला.

कुत्र्यांतही तांबे साठण्याचा आजार आहे. बेडलिंग्टन टेरिअर या जातीत तो आनुवंशिक म्हणून प्रथम ओळखला गेला. लॅब्राडोर, डॉबरमन आणि वेस्ट हायलंड टेरिअर यांतही तो आढळतो. हे निदान झाले तर कुत्र्याला कलेजी देऊ नये, कारण तांबे तिच्यात भरपूर असते. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणी त्याला पाजू नये. जस्त किंवा तांबे काढणारे औषध मात्र डॉक्टरांनीच ठरवावे. जस्त जास्त झाले तर रक्ताच्या पेशी फुटतात.

ताटात काय असावे

आता आडवाटेची शीर किंवा मेंदूपर्यंत पोचलेल्या यकृताच्या दुखण्यातले पथ्य पाहू. पूर्वी असा समज होता, की प्रथिने जवळजवळ बंद करावीत. आपली मंडळीही "हलके द्या" म्हणून नुसता भात आणि मूग डाळीचे पाणी देत राहतात. त्यात कुत्रे वाळते. अंगातले स्नायूही अमोनिया निकामी करण्याला हातभार लावतात; स्नायू झिजले की उलट अमोनिया वाढतो. उपासाने यकृत बरे होत नाही. ज्या कुत्र्याला लाळ, गोल फिरणे, झटका ही लक्षणे नाहीत, त्याची प्रथिने तोडण्याचे कारणच नसते. लक्षणे आहेत त्याला ती मोजून आणि सहज पचणारी द्यावीत, आणि साधारणपणे दर किलो वजनामागे रोज २ ग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नयेत.

प्रथिनांची जातही महत्त्वाची. लाल मांसापेक्षा दुधाची, अंड्याची आणि सोयाबीनची प्रथिने अशा कुत्र्यांना अधिक सोसतात. ही गोष्ट आपल्या शाकाहारी घरांच्या सोयीची आहे. पाच किलोच्या कुत्र्याचे एका दिवसाचे पान उदाहरणादाखल सांगतो: एक उकडलेले अंडे, घरी फाडलेल्या दुधाचे बिनमिठाचे ताजे पनीर ३० ग्रॅम, मऊ शिजलेला भात सुमारे १२० ग्रॅम, थोडा उकडलेला दुधीभोपळा किंवा गाजर आणि एक लहान चमचा तेल. यातून सुमारे १४ ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि अशा कुत्र्याच्या रोजच्या गरजेइतका, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास उष्मांक भरतो. अंडे न चालणाऱ्या घरात पनीर वाढवावे. मात्र हे पान अपुरे आहे हेही ध्यानात ठेवावे. त्यात कॅल्शियम आणि काही जीवनसत्त्वे कमी पडतात. ती भर डॉक्टरांना विचारून रोज घालावी लागते. पान काय वाढता, किती वाढता, हे कागदावर लिहून त्यांना दाखवावे. बाजारात यकृताच्या रुग्णांसाठी तयार खाद्यही मिळते. ज्यांना परवडते आणि कुत्र्याला रुचते त्यांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे.

हे पान दोन वेळांत संपवू नये. चार ते सहा वेळा थोडे थोडे द्यावे, म्हणजे अमोनियाचा लोंढा एकदम येत नाही. पोटात पाणी झालेल्या कुत्र्याला मीठ वर्ज्य. पापड, फरसाण, लोणचे यांचा कण नको. सणासुदीला पुरणपोळी, तुपातला शिरा, श्रीखंड पाहुणे प्रेमाने भरवतात. दिवाळीत दारी येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगावे लागते. लहान मुलांना हे काम द्या. ती चोख करतात.

बद्धकोष्ठ हा या कुत्र्यांचा मोठा शत्रू. मळ आतड्यात जितका वेळ राहील तितका अमोनिया वाढतो. त्यासाठी डॉक्टर लॅक्ट्युलोजचे पातळ औषध देतात. माणसांच्या बद्धकोष्ठावरही तेच देतात. त्याने आतड्यात आम्लता येते, अमोनिया तेथेच अडकतो आणि मळावाटे निघून जातो. दिवसातून दोनतीनदा मऊ शौच व्हावे, एवढे त्याचे प्रमाण असावे. पातळ जुलाब लागले तर प्रमाण जास्त झाले असे समजून डॉक्टरांना कळवावे, कारण अंगातले पाणी घटणेही घातकच. पोटात जंत असतील तर आतड्यात रक्त गळते, आणि रक्त म्हणजे प्रथिनेच. म्हणून जंतांचे औषध वेळच्या वेळी द्यावे.

पूरक औषधांविषयी

कुत्र्याला यकृताचे दुखणे आहे म्हटले, की चार जण चार टॉनिके सुचवितात. त्याबाबत थोडे स्पष्ट बोलतो. सिलिमारिन, एस-ॲडिनोसिल-मिथिओनिन आणि जीवनसत्त्व ई ही पूरके डॉक्टर देतात. यकृताच्या पेशींना आधार द्यावा हा त्यांचा हेतू. एस-ॲडिनोसिल-मिथिओनिनची गोळी उपाशीपोटी आणि न फोडता द्यायची असते; भातात कुसकरली तर तिचा उपयोग जातो. पित्त पातळ करणारे उर्सोडिऑक्सिकोलिक आम्लही देतात, परंतु पित्ताची वाट बंद झालेली असेल तेव्हा ते देत नाहीत. ही पूरके आधाराची काठी आहेत. आडवाटेची शीर त्यांनी बंद होत नाही, आणि बिघडलेल्या पथ्याची भरपाईही होत नाही. ज्याच्यापाशी पैसा थोडा आहे त्याने तो आधी तपासणीवर, मग अन्नावर, मग लॅक्ट्युलोजवर आणि उरला तर पूरकांवर खर्चावा.

काही वस्तू मात्र घरच्या कपाटातून थेट कुत्र्याच्या मुळावर येतात. ताप आला म्हणून पॅरासिटामोल, लंगडते म्हणून आयबुप्रोफेन देऊ नये. माणसांची आसवे-अरिष्टे देऊ नयेत, कारण त्यांत मद्यार्क असतो. साखरविरहित च्युइंगगम आणि मिठायांत झायलिटॉल असते. त्याने कुत्र्याची साखर एकाएकी उतरते आणि यकृत निकामी होऊ शकते. कांद्याने रक्त बिघडते, मनुका-द्राक्षांनी मूत्रपिंड. सोसायटीच्या बागांत शोभेसाठी लावलेले सायकस, ज्याला पुष्कळ जण सागो पाम म्हणतात, त्याच्या बिया यकृताला अत्यंत विषारी आहेत. ते झाड अंगणात असेल तर बिया उचलून टाकाव्यात.

लसीकरण चुकवू नये. कुत्र्यांच्या संसर्गजन्य काविळीवर आणि लेप्टोस्पायरोसिसवर लस आहे, आणि लेप्टोची मात्रा दरवर्षी द्यावी लागते. मिठी खाडीचे पाणी गल्लीत आले, की त्या पाण्यात कुत्र्याला फिरवू नये. कुत्र्याला लेप्टो झाला असेल तर त्याची लघवी हातमोजे घालूनच पुसावी, कारण तो रोग घरच्यांनाही होतो.

किती आशा धरावी

आता शेवटचा प्रश्न, जो प्रत्येक घर मला दारातून बाहेर पडताना विचारते: "डॉक्टर, हे किती दिवस?"

याचे खरे उत्तर असे. आडवाटेची शीर शस्त्रक्रियेने हळूहळू बंद करता येते, आणि शस्त्रक्रिया झालेली कुत्री सरासरीने अधिक जगतात. परंतु ती सोय सगळीकडे नाही आणि खर्चही सगळ्यांना झेपत नाही. नुसत्या पथ्यावर आणि औषधावर काही कुत्री कित्येक वर्षे सुखाने काढतात. काही काढत नाहीत. तान्ह्या वयात जोराची लक्षणे आलेल्या पिल्लाबद्दल फार मोठे आश्वासन देता येत नाही. विषबाधा किंवा लेप्टो वेळेवर सापडला तर कुत्रे पूर्ण बरेही होते. दीर्घ सुजेत आपण दुखण्याला मागे रेटीत राहतो.

म्हणून एक वही ठेवा. तिच्यात दर आठवड्याचे वजन, रोजचे शौच, काय खाल्ले आणि कोणत्या दिवशी सुस्ती आली, हे लिहा. दोन महिन्यांनी त्या वहीतून डॉक्टरांना जे कळते ते एका तपासणीतून कळत नाही. लाळ गळू लागली, डोके भिंतीला टेकले, झटका आला किंवा डोळे पिवळे झाले, तर त्या वेळचे जेवण थांबवा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. रात्र असेल तर सकाळची वाट पाहू नका.

आपल्या दत्तगुरूंच्या पायाशी कुत्री आहेत. वैश्वदेवात त्यांच्यासाठी घास काढून ठेवण्याची रीत आपल्या वाडवडिलांनी घालून दिली. त्या घासाला आता थोडे शास्त्र जोडावयाचे आहे, इतकेच. आजारी कुत्रे आपले दुखणे सांगू शकत नाही. घरात ते कोण पाहते? बहुधा सकाळी सहा वाजता त्याला पहिला घास देणारी आजी, किंवा शाळेतून आल्यावर दप्तर टाकून त्याच्याकडे धावणारा मुलगा. त्या दोघांचे म्हणणे घरातल्या कर्त्या माणसाने ऐकावे. "आज हा जेवल्यावर वेगळाच वागला," असे मूल म्हणाले, तर ते वाक्य डॉक्टरांपर्यंत पोचवावे.

आपला ट्रस्ट दरवर्षी वह्यापुस्तके वाटतो, रुग्णांना मदत करतो. त्या कामात मुक्या प्राण्यांसाठी वर्षातून एक दिवस निघाला, लसीकरण आणि जंतांच्या औषधाचे एक शिबिर झाले, तर माझ्या व्यवसायातली मंडळी आनंदाने हातभार लावतील, अशी खात्री मी देतो.